खरखर

शेषरावांच्या नव्या शॉर्टवेव्ह रेडिओवर परदेशातलं हिंदी स्टेशन लागायचं, पण एक अट होती. शालूबाईंनी एरियलची दांडी चिमटीत धरली की आवाज साफ, सोडली की नुसती खरखर. म्हणून म्हातारा-म्हातारी रोज संध्याकाळी ओसरीतल्या खाटेवर खांद्याला खांदा लावून बसायची.

"तुमच्या बातम्यापायी माह्या हाताले मुंग्या येतात," शालूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं कुरकुरायच्या.

"अन् मले का हौस हाय तुले चिटकून बसाची?" शेषराव म्हणायचे.

रविवारी बुलढाण्याहून मुलगा आला, दीपक. आईची कीव येऊन त्यानं रेडिओपासून गच्चीपर्यंत लांब तार ओढून दिली. आता कोणी हात न लावता स्टेशन खणखणीत लागलं.

पुढच्या रविवारी येऊन बघतो तर पुन्हा आईच्या चिमटीत दांडी.

"उंदरानं तार कुरतडली," शेषराव रेडिओकडे बघत म्हणाले.

दीपक गच्चीवर जाऊन आला. "बाबा, तार दोन जागी तुटली हाय. कापल्यावानी साफ."

शालूबाईंनी दांडी काही सोडली नाही; तशाच म्हणाल्या,



"मंग उंदीर दोन असतीन."