मास्तरचा नेम

"मास्तर, आवाज का कापतोय?" कानातल्या फोनमधून कप्तानाने विचारलं.

"थंडी मरणाची आहे," मास्तर म्हणाला.

तो विमानाच्या नाकात, काचेवर पालथा पडला होता. बॉम्ब सोडायचं बटण त्याच्या हातात होतं. युद्धाआधी तो शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून विमानातले सगळे त्याला मास्तर म्हणत. थंडी होतीच, पण आवाज कापत होता तो भीतीने.

सकाळी नकाशा उलगडला तेव्हाच त्याने शहर ओळखलं होतं. शत्रूने बळकावलेलं ते शहर त्याचं स्वतःचं होतं. उडवायचं होतं रेल्वे स्टेशन, आणि स्टेशनला खेटून असलेल्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोल्यांत त्याची आई राहत होती. हे बोलला असता तर त्याच्याऐवजी दुसरा गेला असता, आणि त्या दुसऱ्याने बिनदिक्कत बटण दाबलं असतं. मास्तर तोंडाला कुलूप लावून विमानात चढला.

"आलं बघ," कप्तान म्हणाला. "नीट नेम धर. परत फेरी मारायला लावू नकोस, बाबा. माझं लग्न ठरलंय."

"मुलीला सांगितलंस का?" शेपटीतल्या तोफेवरचा बुटका म्हणाला. हसलं कोणीच नाही.

खालून तोफा सुरू झाल्या. काळ्या धुराचे गोळे चहूकडे फुटू लागले. विमान खडखडलं, आणि एक पोलादी तुकडा काच फोडून मास्तरच्या कानाजवळून गेला. बोचरा वारा आत घुसला.

स्टेशन खाली सरकत आलं. आईचं घर एवढ्या उंचीवरून दिसणं शक्य नव्हतं. पण ते कुठे आहे ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"टाक," कप्तान म्हणाला. "अरे, टाक ना."

अंगठा जागचा हलेना. शहर मागे पडलं. नदी आली, गेली. पलीकडे ओसाड झाडी होती. तिकडे गुराखीसुद्धा फिरकत नसत. मास्तरने बटण दाबलं.

"लागला?"

"धूर आहे. दिसत नाही."

"बरं," कप्तान म्हणाला, आणि त्याने विमान वळवलं. तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

पण मास्तरची भीती काही गेली नाही. चौकशी होईल, भिंतीशी उभं करून गोळी घालतील. कोणी नुसती हाक मारली तरी त्याचं अंग गार पडायचं. आई वाचली, या एका विचारावर त्याने युद्ध संपेपर्यंतचे दिवस ढकलले.

शहर शत्रूच्या ताब्यातून सुटलं तसा तो घरी आला. गल्ली शाबूत होती. खिडक्यांच्या काचासुद्धा तडकल्या नव्हत्या. तो धावतच जिना चढला. दाराला कुलूप होतं.

पावलं ऐकून खालची शिंपीण वर आली. लहानपणी तिच्याच अंगाखांद्यावर तो खेळला होता.

"मावशी, आई कुठंय?"

तिने त्याला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी टेकली. "गेली रे. बॉम्ब पडले त्या दिवशी."

"पण इथे तर काहीच पडलं नाही."

"नाही ना." ती त्याच्याकडे बघेना. "भोंगा झाला, आणि आम्हाला वाटलं, आता स्टेशन उडणार. ती घर सोडायला तयारच नव्हती. मीच हट्टाने तिला नदीपलीकडच्या झाडीत नेऊन बसवलं."