नगरपरिषदेचा वकील

वच्छलाबाई नवेगाव बांधच्या तलावातली मासळी आणून शहरातल्या बाजारात विकायची. दुपारी ती नगरपरिषदेच्या विधी विभागात आली आणि तिने एक नोटीस लीलाधरच्या टेबलावर ठेवली. ओल्या हातांनी कागदाची घडी चिकटली होती. "साहेब, यात का लिवलं हाय, वाचून सांगा जी." लीलाधरला वाचायची गरज नव्हती, नोटीस त्यानेच तयार केली होती. बाजारातला तिचा मासळी विकायचा ओटा परवा तोडणार होते. दिलेली मुदत नियमापेक्षा कमी आहे, हे त्याने फाईलवर लिहून दिलं होतं, पण वरून कोणी ऐकलं नव्हतं. ती कोर्टात गेली तर स्थगिती मिळण्यासारखी होती. पण हे तिला सांगायची त्याला मुभा नव्हती. "एखाद्या वकिलाला दाखवा," तो म्हणाला. "तुमी तं वकीलच आहा नं?" "मी नगरपरिषदेचा वकील आहे." "मंग आमी कोनाचे?" शेजारचा बाबू ऐकत होता. लीलाधर मान खाली घालून हळूच म्हणाला, "आजच दाखवा, बाई." तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, नोटीस उचलली आणि कोर्टाचा रस्ता विचारत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या स्थगितीच्या अर्जावर सुनावणी निघाली. विरोध करायला लीलाधरलाच उभं राहावं लागलं. त्याला पाहताच वच्छलाबाईचा चेहरा खुलला. तिने भर कोर्टात हात जोडले. "साहेब, तुमी आले, बरं झालं जी." न्यायाधीशांनी मान वर केली. "तुम्ही ओळखता यांना?" "नाही," लीलाधर म्हणाला, आणि अर्ज फेटाळावा, अशी विनंती वाचू लागला.