डोणीतलं पाणी

“तातूकाका, डोणीत परत अळ्या झाल्यात.” आरोग्यसेविका सुगंधा रिकाम्या गोठ्यात वाकून बघत म्हणाली. “गाय विकलीत, मग पाणी भरता कुणासाठी? यातूनच मलेरियाचे डास होतात. उपसून टाका. सोमवारी परत बघायला येते.”

तातूकाका मान हलवून चहा टाकायला उठले. मागे एकदा डोणी कोरडी सापडली, तेव्हा सुगंधा अंगणातूनच निघून गेली होती. अळ्या दिसल्या की मात्र परत यायची, घटकाभर बसायची.

सोमवारी दुसरीच बाई आली.

“सुगंधा कुठाय?”

“तिलाच मलेरिया झालाय. हुडहुडी भरून ताप चढतो, घामाने उतरतो, की परत हुडहुडी.”

चुलीवरचं दोन कपांचं आधण तसंच सोडून तातूकाका गोठ्यात गेले. तांब्यातांब्याने त्यांनी डोणी उपसली. मग खांद्यावरच्या पंच्याने कोरडी पुसून काढली.