मेलेल्या रोबोटचं पोट

पडद्यावर दुर्पतानं मेलेल्या रोबोटचं डोकं मांडीवर घेतलं आणि फागूच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

सिनेमाचं नाव ‘बियाणं २१९०’. कंपनीचे रोबोट जगातलं सगळं धान जप्त करतात. त्यातला एक फितूर होतो आणि बंडखोर बाईसाठी जीव देतो. गावातल्या हिमांशूनं हा सिनेमा कामठ्याच्या बंद राईस मिलमध्ये काढला आणि मंडईच्या जत्रेच्या दिवशी तिथंच चादर बांधून दाखवला. बाहेर दंडारीचं नाचगाणं रंगात आलं होतं. मानवजातीचा शेवट पाहायला पाच-सहा माणसं आली, त्यात एक हिमांशूची आई.

बंडखोर बाई म्हणजे दुर्पता, फागूची बायको. फितूर रोबोट म्हणजे मोबाईल दुकानवाला घनश्याम. फागूही एक दिवस रोबोट झाला होता. धानकापणीवरून आल्या आल्या हिमांशूनं त्याच्या अंगावर, तोंडावर तेलाचे चंदेरी पिपे चढवले आणि त्याला मेलेल्यांच्या ढिगात आडवं केलं. तो ढीग सिनेमात दिसलाच नाही. फागूनं तेही मोठ्या मनानं सोडलं असतं.

पण ही बाई रडत होती. पिप्यावरून हात फिरवत, नाक ओढत, खरंखुरं. फागूला दोनदा कावीळ झाली, तेव्हाही तिनं एवढं केलं नव्हतं.

“मेलेला रोबोट श्वास घेऊन राहिला!” तो मोठ्यानं म्हणाला. “पोट पाहा त्याचं, पोट!”

कुणी हसलं नाही. हिमांशूची आई पदरानं डोळे पुसत होती.

सिनेमा संपल्यावर हिमांशू धावत आला. “काका, दुसऱ्या भागातही काकूच हिरोईन.”

“दुसरी बाई पाहून घे,” फागू म्हणाला आणि चालू लागला.

दुर्पतानं त्याला रस्त्यावर गाठलं. “काऊन नाही म्हटलं?”

“त्या घनश्यामले मांडीवर घेते! वरून हात फिरवते!”

दुर्पता थांबली. “पराया मानसाले मी हात लावीन काय? मी साफ नाही म्हटलं हिमांशूले. मंग त्यानं ढिगातून तुमाले ओढून आनलं.”

फागूनं आपल्या पोटाकडे पाहिलं. “मंग मले कसं समजलं नाही?”

“कसं समजन? तुमी घोरून राहिले होते. त्यावर त्यानं सनई टाकली.”

“अन् रडली कायले एवढी?”

“तो म्हने, काकू, हा आता कधीच उठनार नाही असं समजा.” दुर्पतानं पदर सारखा केला. “मी समजली.”