मंगळवारची गळती

अमृतरावांनी गाडी बरोबर प्रसेनजितच्या गॅरेजसमोर थांबवली तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती. हा सलग चौथा मंगळवार.

"मिस्त्री, टाकी परत गळाली," ते खाली उतरत म्हणाले.

"बघतो," प्रसेनजित म्हणाला.

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, गिऱ्हाईक आणि मिस्त्री. होते बाप-लेक. प्रसेनजितनं धाराशिवची कारकुनी सोडून मुरुमच्या फाट्यावर गॅरेज टाकलं आणि त्या दिवसापासून बापानं अबोला धरला. जन्म सरकारी गोदामात काढलेल्या माणसाला लेकाचे काळे हात बघवत नव्हते. दोन वर्षं अशीच गेली. मग एका मंगळवारी अमृतराव उमरग्याला स्वतःच्या बहिणीकडं जाताना ही जुनी गाडी गॅरेजसमोरच तापली आणि तोंड उघडावं लागलं. 'मिस्त्री' एवढंच, पण उघडलं.

पहिल्या मंगळवारी ते लिंबाखाली पाठ फिरवून उभे राहिले. दुसऱ्या मंगळवारी बाकावर टेकले. तिसऱ्या मंगळवारी चहा प्याले, तोही अर्धा. आज बसल्या बसल्या त्यांनी गॅरेजातलं एक फाटकं सीट-कव्हर ओढलं आणि खिशातल्या दाभणानं शिवायला घेतलं. गोदामात पोती शिवायची सवय. निवृत्त झाले तरी दाभणाची साथ सुटली नव्हती.

इकडं प्रसेनजितला त्याचं मन खात होतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीचं भोक बुजवताना प्लॅस्टिक आधी खरवडून घ्यावं लागतं, नाहीतर लेप आठवड्यात सुटतो. तो मुद्दाम खरवडत नव्हता. नीट न बघताच जुन्या लेपावर नवा लेप चोपडायचा आणि पुढच्या मंगळवारची वाट बघायची. लाज वाटण्यासारखाच उद्योग होता, पण बाप दिसत होता.

"रविवारी येडशीला जायचंय," अमृतराव कव्हराकडं बघतच म्हणाले. "वृषालीकडं. येताना तिची लेकरं संगं असतील."

प्रसेनजितचा हात थांबला. वृषाली त्याची धाकटी बहीण; तिचं गाव म्हणजे लांबचा पल्ला. वाटेत टाकी रिकामी झाली तर इंजिन जाम, आणि गाडीत भाचरं.

त्यानं लेपाचा डबा बाजूला सारला आणि फळीवरून नवी कोरी पांढरी टाकी काढली. ती पहिल्या मंगळवारपासून तिथंच होती.

"हे काय?"

"नवीनच बसवतो. आता पाच वर्षं बघायला नको."

"पाच वर्षं?" अमृतरावांची शिलाई थांबली. "जुनीलाच लेप लावला असता की. चालतीय ती."

"न्हाय चालत. लेकरं हायत गाडीत."

टाकी बसली. प्रसेनजितनं अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाहिलं, एक थेंब नाही. काम इतकं झकास झालं होतं की त्याला रडू यायला लागलं. अर्धं शिवलेलं कव्हर बाकावर ठेवून अमृतराव निघून गेले. गाडी वळणाआड होईपर्यंत तो बघत राहिला.

रविवारी संध्याकाळी वृषालीचा फोन आला. "दादा, बाबा लेकरांना घिऊन मुरुमला पोचले बग. गाडी लई गुणाची चालली म्हणत हुते."

त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मंगळवारी रस्त्याकडं बघायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. अकराच्या सुमाराला ओळखीचा हॉर्न वाजला. बॉनेटमधून वाफ निघत होती.

"मिस्त्री, ही बी गळाली," अमृतराव उतरले. "कसला माल बसवता?"

"येडशीला गळाली व्हती?"

"न्हाय. आत्ताच. हितं फाट्यावर." त्यांनी पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला. "काम लांबंल म्हणून दोघांची भाकर आणलीया."

प्रसेनजितनं बॉनेट उघडलं. टाकीच्या खालच्या अंगाला भोक होतं. अगदी गोल, कडा वितळलेल्या.

त्यानं वळून पाहिलं. अमृतराव मागच्या मंगळवारचं अर्धवट कव्हर मांडीवर घेऊन बसले होते. टाका काही केल्या पडत नव्हता. दाभणाच्या टोकावर पांढऱ्या प्लॅस्टिकचा थेंब गोठून बसला होता.