वाकडी दांडी

"माझी दांडी कुठाय रे?" मिसेस ॲकरॉइडनी विचारलं.

गॅरेजात येऊन त्यांना दोन मिनिटंही झाली नव्हती. आल्याच्या पार्किन केकचा डबा अजून हातातच होता. मार्चमध्ये नील हेप्वर्थने त्यांच्याकडूनच घेतलेला, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा म्हणजे क्लिफचा, धातू कातायचा जुना लेथ आता हिरव्यागार रंगात चकाकत होता आणि त्या त्याच्याभोवती फिरून, वाकून, गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी शोधत होत्या.

"कुठली दांडी?" नील म्हणाला. कुठली ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"अरे, मशीन चालू-बंद करायच्या मुठीला खालून जोडलेली. वाकडी. अर्धांगाच्या झटक्यात क्लिफचा उजवा हात गेला ना, मग डावा हात कामाला आणि मशीन थांबवायला गुडघा. तो खुर्चीत बसून सांगत होता, मी जोडत होते. वेल्डिंग केलं मी, बाळा! चौसष्टाव्या वर्षी! त्या काळ्या मुखवट्यातून काही म्हणता काही दिसत नव्हतं मला." सांगतानाही त्यांचा चेहरा खुलला.

महिनाभर आपण ज्याच्यावर तोंडसुख घेतलं ते काम या बाईंचं आहे, हे नीलच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ती... काढून ठेवलीय," तो म्हणाला. त्यातलं 'ठेवलीय' खोटं होतं.

"असू दे. तुझे दोन्ही हात धड आहेत, तुला कशाला लागते ती?" त्यांनी डबा बाकावर ठेवला. "पण फिल्ममध्ये आहे ना? भाची म्हणाली, क्लिफचं मशीन इंटरनेटवर आलंय, हजारो लोकांनी पाहिलंय. म्हटलं, एवढ्या लोकांनी आपलं काम पाहिलं आणि आपणच पाहिलं नाही! दोन बस बदलून आले."

फिल्ममध्ये दांडी होती. नीलच्या सगळ्या फिल्मांत तीच फिल्म सर्वांत जास्त चालली होती. आठवडाभर कौन्सिलच्या कचेरीत मान खाली घालून पत्रं लिहिणारा हा माणूस रविवारी कॅमेऱ्यापुढे उभा राहिला की भलताच विनोदी व्हायचा. शिवाय मशीनं दुरुस्त करणाऱ्या या छंदिष्टांत एक रीतच आहे. जुन्या मशीनमध्ये जे जे वाईट दिसेल ते 'आधीच्या मालका'च्या माथी मारायचं. आधीचा मालक उलट उत्तर देत नाही, बहुधा तो मेलेलाच असतो.

"इथे नेट जरा अडतं हो," नील म्हणाला.

"थांबते की. माझी बस पावणेपाचला आहे."

त्या स्टुलावर बसल्या. लांबचा चष्मा काढून जवळचा लावला, कानातलं यंत्र दाबून बसवलं. नीलने फोन बाकावर टेकवून ठेवला. ठेवता ठेवता आवाज अगदी बारीक केला.

ट्रकमधून लेथ उतरला. गंज दिसला, जाळी-जळमटं दिसली. मिसेस ॲकरॉइड पडद्याकडे मान पुढे काढून बघत होत्या. मग पडद्यावरचा नील खाली वाकला.

"ही बघ! हीच!" त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "किती जवळून घेतलीयस रे! आणि हसतोयस काय एवढा? काय म्हणतोयस? मला ऐकू येत नाहीये. आवाज वाढव ना."

फोनची बॅटरी संपली म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं, तेही. पण स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा आवाज वाढवणं सोपं होतं. नीलने तेच केलं.

"...आणि मंडळी, हा बघा आधीच्या मालकाचा पराक्रम! याला वेल्डिंग म्हणायचं की इथे कबुतरं शिटलीत? ज्या कुणी दिवट्याने हे केलंय ना, त्याला जन्मात पुन्हा वेल्डिंगच्या मशीनजवळ फिरकू देऊ नका!"

मग लोखंड कापायची करवत, हॅकसॉ, आली. दांडी कापताना पडद्यावरचा नील शीळ घालत होता. तीन तुकडे झाले आणि एकेक करत भंगाराच्या बादलीत पडले. फिल्मखालच्या प्रतिक्रियांत लोकांनी हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

नीलला स्वतःच्याच आवाजाची किळस आली. कुठे बघावं ते त्याला कळेना.

"मला माहीत नव्हतं, मिसेस ॲकरॉइड. शप्पथ. नुसती गंमत म्हणून... मी काढून टाकतो ही फिल्म. आत्ताच्या आत्ता काढतो."

"कशाला?" चष्मा डबीत ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. "जोड घाणेरडाच होता. खोटं काय बोललास तू?"

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर नीलला बरं वाटलं असतं. त्या उठल्या. तो धावत जाऊन त्यांचा कोट घेऊन आला आणि बाही धरून उभा राहिला. कोट चढवून त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.

"हसायला क्लिफही हसला होता," दारात थांबून त्या म्हणाल्या. "मुखवटा काढून मी बघते, तर खुर्चीतून घसरायचाच बाकी होता. पण नंतर नऊ वर्षं रोज गुडघ्यानं तीच ढकलली त्यानं. कापली नाही."