जाब

"पण तिलाच का विचारायचं?" हाजी रातिब अडूनच बसले.

मशिदीत दुपारची नमाज झाली होती. तरुण इमाम लुआय कुराणातल्या आयतीचा अर्थ सांगत होते. कयामतच्या दिवशी, जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल, कोणत्या अपराधासाठी तुला मारलं?

"मेली ती. मारणारा दुसराच. मग जाब त्याला विचारायचा सोडून तिला? हा कुठला न्याय?"

"लागली म्हाताऱ्याची टकळी!" मागून कुणीतरी पुटपुटलं. शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. हाजींची लेक फिद्दा सासरी नवऱ्याच्या मारानं गेली, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. जिन्यावरून पडली, असं सांगून नवरा झैदान सुटला आणि जवळच्या करक शहराच्या बाजारात खुशाल दुकान थाटून बसला. वर तरी त्या मेल्याला जाब विचारला जावा, याखेरीज बापाला दुसरं काय हवं असणार?

लुआयना गलबलून आलं. ते उठून हाजींजवळ येऊन बसले.

"काका, जुने जाणते सांगतात, अल्लाह त्या दिवशी मारणाऱ्याकडे बघणारसुद्धा नाही. प्रश्न विचारावा एवढीही त्याची लायकी नाही. म्हणून विचारायचं त्या लेकराला. ती बोलेल, आणि मारणारा नुसता ऐकत उभा राहील."

"घ्या हाजी! झैदानला तोंड उघडायलाच मिळणार नाही!" मागचा म्हणाला. सगळ्यांना बरं वाटलं.

हाजींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"म्हणजे काहीच बोलता येणार नाही? माफीसुद्धा मागता येणार नाही?"

"त्याची कसली कीव करताय, काका?"

"झैदानचं मरू दे, पोरा. अंगभर वळ घेऊन ती माझ्याकडे आली होती. मागोमाग तो गावची वडीलधारी माणसं घेऊन आला. मी कॉफी ओतली. आपली रीतच आहे, मागणं मान्य होईपर्यंत कुणी पेल्याला हात लावत नाही. आतून ती रडत होती, बाबा, नका पाठवू. एवढी मोठी माणसं दारात, मला भीड पडली. मी म्हणालो, घ्या, कॉफी प्या."

त्या दिवशी कॉफी प्यायलेले बरेचजण तिथंच बसले होते.

"इथं मला कुणीच काही विचारलं नाही," हाजी म्हणाले. "वाटलं होतं, वर अल्लाह तरी विचारेल."